डोळा लाल झाला? मेडिकलवरून ड्रॉप आणण्याआधी हे वाचा

पारोळ्याच्या शिवारात पावसाळ्यात कपाशीची निंदणी सुरू असते. डोळ्यात माती उडते, नाहीतर गवताचं पातं लागतं. माणूस विहिरीच्या पाण्याने डोळा धुतो आणि कामाला लागतो. डोळा लाल झाला की बाजारात येऊन मेडिकलवर सांगतो, ‘डोळे आलेत, ड्रॉप द्या.’ बहुतेक वेळा निभावून जातं. पण कधी कधी याच सवयीमुळे डोळा जातो.

पाण्यातला शत्रू कोण?

अकँथामीबा हा एकपेशीय परजीवी माती, विहीर, तळं आणि नळाच्या पाण्यातही असतो. कॉर्नियावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावर ओरखडा असेल तर तो आत शिरतो. संकट आलं की स्वतःभोवती टणक कवच तयार करून दडून बसतो. याचा डोळ्यातला संसर्ग १९७३ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये पहिल्यांदा ओळखला गेला. तो रुग्ण पशुपालक होता आणि त्याच्या डोळ्याला आधी इजा झाली होती.

पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांना होतो. इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर मीही लेन्स नळाखाली धुवायचो. नशीब चांगलं म्हणून वाचलो. भारतात मात्र बहुतेक रुग्ण लेन्स न वापरणारे असतात. त्यांच्या डोळ्यात माती किंवा दूषित पाणी गेलेलं असतं.

ड्रॉपने बरं होतं का?

होतं, पण योग्य ड्रॉपने. नेहमीचे अँटिबायोटिक ड्रॉप जिवाणूंसाठी असतात. अकँथामीबासाठी पीएचएमबी किंवा क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक ०.०२ टक्के इतकं सौम्य करून वापरतात. पीएचएमबी पोहण्याच्या तलावाचं पाणी शुद्ध करायलाही वापरलं जातं. सुरुवातीला हे थेंब दर तासाला, रात्रीसुद्धा घालावे लागतात आणि उपचार कित्येक महिने चालतात.

युरोपीय महासंघाने २०२४ मध्ये ०.०८ टक्के पीएचएमबीच्या ड्रॉपला मान्यता दिली. त्याच्या चाचणीत सुमारे ८५ टक्के रुग्ण शस्त्रक्रियेविना बरे झाले. म्हणजे आजार वेळेत ओळखला तर डोळा वाचू शकतो.

मग हाच ड्रॉप सगळ्यांना का नको?

पावसाळ्यात मायक्रोस्पोरिडियाचा संसर्गही होतो. हा जीव पूर्वी परजीवी मानला जायचा, आता त्याला बुरशीच्या जवळचा मानतात. भुवनेश्वरच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत या रुग्णांवर पीएचएमबी आणि औषध नसलेले साधे थेंब यांची तुलना झाली. निकालात विशेष फरक दिसला नाही. म्हणजे एका आजारात जो थेंब डोळा वाचवतो, तो दुसऱ्यात घातला काय नि न घातला काय, सारखंच. वरून मात्र दोन्ही डोळे लालच दिसतात.

खरा धोका स्टेरॉइडचा

अनेक ड्रॉपमध्ये अँटिबायोटिकसोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असतं. त्याने लाली उतरते, बरं वाटतं आणि आत संसर्ग पसरत राहतो. हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाही, असा नियम आहे. २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली, तेव्हा शेजारच्या बुलढाण्यात सर्वाधिक रुग्ण नोंदले गेले. अशा साथीत आणलेली अर्धी बाटली घरात राहते आणि पुढच्या वर्षी दुसऱ्याच्याच डोळ्यात जाते.

माझं म्हणणं

मशीन बंद पडलं तर आधी फॉल्ट शोधायचा, मग पार्ट बदलायचा, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. डोळ्याच्या बाबतीत आपण उलटं करतो. कॉर्नियावरचा खरवडलेला कण काचपट्टीवर घेऊन त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला, तर अनुभवी नजरेला बुरशी किंवा अमीबाचं कवच दिसू शकतं. त्याला लागणारा मायक्रोस्कोप क्षयरोगाच्या थुंकी तपासणीसाठी सरकारी दवाखान्यांत आहेच. नमुना नेत्रतज्ज्ञानेच घ्यायला हवा. त्यामुळे तालुक्यात नेत्रतज्ज्ञ येण्याचा दिवस ठरवावा आणि तंत्रज्ञांना या तपासणीचं प्रशिक्षण द्यावं. महागडी औषधं आणण्याआधी हे स्वस्त काम व्हायला हवं.

तोवर एवढं करा

• शेतात डोळा धुवायला प्यायचं स्वच्छ पाणी वापरा. फवारणीचं औषध उडालं तर मात्र हाताशी असेल त्या पाण्याने लगेच आणि भरपूर धुवा.
• एकाच डोळ्यात असह्य वेदना, उजेड सहन न होणं, बुबुळावर पांढरा डाग किंवा धूसर दिसणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी धुळे किंवा जळगावला नेत्रतज्ज्ञ गाठा.
• आधी घातलेल्या ड्रॉपची बाटली सोबत न्या.
• घरातली जुनी उघडलेली बाटली आजच फेकून द्या.