साहेब कुठे आहेत?



पेठहून नाशिकला येताना कोटंबीचा घाट चढावा लागतो. २०२३च्या पावसाळ्यात, रात्री साडेदहाच्या सुमाराला, त्या घाटात आमच्या संस्थेची गाडी चढेना. मागच्या सीटवर नवऱ्याने मारून घराबाहेर काढलेली एक बाई होती, तिच्या मांडीवर दीड वर्षाचं मूल. तिला नाशिकला बहिणीकडे पोचवायचं होतं. अॅक्सिलरेटर दाबला की इंजिन ओरडायचं, काटा वर जायचा आणि गाडी मात्र जागची हलत नव्हती. काहीतरी जळाल्याचा वास सुटला होता. नवरा मोटारसायकल घेऊन मागून येतो की काय, या धास्तीने ती बाई सारखी मागच्या काचेतून बघत होती. शेवटी एका भाजीच्या पिकअपमधून आमची एक कार्यकर्ती तिला आणि मुलाला घेऊन पुढे गेली. आम्ही दोघींनी घाटातच रात्र काढली.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून गॅरेजला नेली. तिथला पहिला प्रश्न होता, "साहेब कुठे आहेत?"

साहेब नाहीत, गाडी आमची आहे, आम्हीच चालवतो, असं सांगितल्यावर, "ताई, तुम्ही आत पंख्याखाली बसा." आम्ही बसलो. हे मुद्दाम लिहिते, कारण पोलीस ठाण्यात "बसा" म्हटल्यावर आम्ही बसत नाही. तिथे आम्ही कलम विचारतो, तक्रारीची प्रत मागतो. गॅरेजमध्ये मात्र मुकाट्याने बसलो. अर्ध्या तासाने अंदाज आला: इंजिनाचं काम निघेल, पंच्याऐंशी हजार धरून चला. बोनेट उघडण्यापलीकडे कोणी काही केलं नव्हतं.

गाडी २०१७ची, छोटी डिझेल एसयूव्ही. २०२२ साली सेकंडहँड घेतली तेव्हा ८४,००० किलोमीटर झाले होते. ती घेताना आमच्यातली एकही जण बघायला गेली नव्हती. "गाडीचं भाऊ बघतील" असं बैठकीत ठरलं, आणि भाऊंनी रंग आणि टायर बघितले. इंजिन रात्रभर गार झालेलं असताना स्वतः सुरू करून बघावं लागतं. विकणारा आपण जायच्या आधीच ते गरम करून ठेवत असेल तर का, हे विचारावं लागतं. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. ऑईलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली तर ऑईलमध्ये पाणी शिरलं असण्याची शक्यता. सर्व्हिसच्या नोंदी मागितल्या तर किलोमीटरचा काटा मागे फिरवलाय का, याचाही अंदाज येतो. यात पुरुषी असं काय आहे? शिलाई मशीनचा पट्टा बदलणारी, शटल खोलून साफ करणारी, तेल घालणारी बाई यंत्राला घाबरते, असं कोणी ठरवलं? उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला सामाख्याच्या कामातून गावातल्या बायका १९९०च्या दशकात हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. त्यातल्या अनेकींना लिहितावाचता येत नव्हतं. मी एम.एस.डब्ल्यू. केलंय आणि मला क्लच म्हणजे डाव्या पायाखालचं पेडल, एवढंच माहीत होतं.

गाडी दुसरीकडे नेली. तिथल्या मिस्त्रीला सांगितलं, खोलायचं ते आमच्यासमोर. गिअरबॉक्स उतरवला तेव्हा दिसलं की क्लच प्लेट रिव्हेटपर्यंत झिजली होती. इंजिन फिरत होतं, पण त्याची ताकद चाकापर्यंत पोचत नव्हती. प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि मजुरी मिळून बिल झालं १७,४०० रुपये. मिस्त्री म्हणाला, "ताई, महिनाभर पेडल अगदी वर आल्यावर गाडी उचलत असेल ना?" उचलत होती. आम्हाला वाटलं, जुनी गाडी, असायचंच. थोडक्यात, पंच्याऐंशी हजारांचा अंदाज ही त्यांची लबाडी असेल, पण घाटातली ती रात्र आमच्या अज्ञानाची होती.

त्यानंतर असं दोनदा झालं. पाड्यांवरच्या रस्त्यांनी पुढून खडखड यायला लागली, तेव्हा चारही शॉकअप बदला, चौदा हजार, असं ऐकलं. निघाले लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश. पुढे गाडी पिकअप घेईना, काळा धूर सोडायला लागली. "टर्बो गेला, अठ्ठेचाळीस हजार." प्रत्यक्षात टर्बोकडून इंजिनाकडे हवा नेणारा रबरी पाईप फाटला होता. २,३०० रुपये. प्रत्येक दुरुस्ती स्वस्तात निघते असं मात्र नाही. इंजेक्टर खरोखरच बिघडले होते, ते तपासून घेतले आणि मुकाट पैसे मोजले. काही डिझेल गाड्यांना टायमिंग बेल्ट असतो. पुस्तिकेत दिलेल्या किलोमीटरला किंवा वर्षांना तो बदलला नाही आणि चालत्या गाडीत तुटला, तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात, आणि मग इंजिनाचं काम खरंच निघतं. एप्रिल २०२०नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. गावातल्या गावात दोन-चार किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत तो चोंदतो. ज्या गटाचं काम शहरातल्या वस्तीत आहे, त्यांनी सरळ पेट्रोल गाडी घ्यावी.

आमच्या ज्येष्ठ मैत्रिणी म्हणतात, चळवळ एस.टी.ने उभी राहिली, तुम्हाला गाड्या कशाला? त्यांच्याबद्दल आदर ठेवून सांगते, एस.टी.त मार्च २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण शेवटची एस.टी. गेल्यावर अर्ध्या तिकिटाचा काय उपयोग? १०८ची गाडी जखमी बाईला दवाखान्यात नेते, ती बहिणीच्या घरी पोचवत नाही. ते काम आपल्यालाच करावं लागतं, आणि ते बहुधा रात्री असतं.

आणि देणगीदार! प्रशिक्षण, पोस्टर्स, प्रवासभत्ता यांना पैसे मिळतात. "वाहन दुरुस्ती" हा शब्द अंदाजपत्रकात दिसला की काट मारली जाते. मग दुरुस्ती पुढे ढकलली जाते, आणि ती ढकलण्याचा धोका कोटंबीच्या घाटात बसलेल्या बाईच्या वाट्याला येतो. आम्ही आता हा खर्च स्वतंत्र, ठळक लिहितो आणि तो कापला तर प्रकल्प घेत नाही. एक प्रकल्प त्यापायी गेला.

भाऊंवर राग नाही. राग आपल्यावर आहे. पैसा, कायदा, माइक ही ठिकाणं आपण भांडून घेतली. गाडी मात्र आपण होऊन देऊन टाकली, वर त्याला कामाची वाटणी म्हटलं. आता आमचा नियम असा: गॅरेजला दोघी जातात, अंदाज लेखी घेतात, बिलावर पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घेतात, आणि बदललेला जुना पार्ट परत आणतात. ज्या बाईची स्वतःची गाडी आहे, तिने तर बिल सोडूच नये. फसवणूक झाली तर २०१९च्या ग्राहक कायद्याखाली ती राहते त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही. १९१५ ही हेल्पलाइन आहे.

आमची पुढची सर्व्हिस १,२०,००० किलोमीटरला आहे. मिस्त्री शिकवायला तयार आहे, रविवारी. आसपासच्या गटांतल्या कोणाला यायचं असेल तर कळवा, जुने कपडे घालून या. आणि तुमच्या गॅरेजमधले अनुभव लिहून पाठवा, बिलाच्या आकड्यांसकट.