कौटुंबिक समुपदेशन ऑनलाइन: काही मागण्या

१. मूल चिडचिड करू लागलं, शाळेला जाईना, की आईबाप त्याला समुपदेशकाकडे नेतात आणि म्हणतात, "जरा समजवा याला." स्वतः बाहेर बाकावर बसतात. बापाची गेलेली नोकरी, आईची ओढाताण, जेवताना रोज निघणारा मार्कांचा विषय, यातलं काहीच मग आत पोचत नाही. घरातले सगळे एकत्र बसले तर कोण कोणाला बोलू देत नाही, हे पंधरा मिनिटांत कळतं. राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात (२०१५-१६) १३ ते १७ वयाच्या सुमारे सात टक्के मुलांत मानसिक आजार आढळला होता. त्या मुलांच्या घरांचा विचार कोण करणार?

२. आई-मुलगी गावी, वडील पुण्यात कामाला. सगळ्यांना एका दुपारी दवाखान्यात आणायचं म्हणजे खाडा, एसटीचं भाडं आणि वर शेजाऱ्यांचं "कुठे निघालात?" व्हिडिओ कॉलने हे वाचतं.

३. अडचण खोलीची आहे, आणि ती मोठी आहे. वन रूम किचनमध्ये मोबाइल मसाल्याच्या डब्याला टेकवलेला, मागे आजीची मालिका चालू. उत्तर देण्याआधी मुलगी कॅमेऱ्याबाहेर कोणाकडे तरी बघते. अशा उत्तराला काय किंमत? सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक आहेत. तिथे, आणि शाळेत, एक बंद खोली, एक स्क्रीन आणि बरं इंटरनेट द्या. मुलाशी एकट्याने बोलायची वेळ प्रत्येक वेळी राखून ठेवा. घरात मारहाण किंवा अत्याचार होत असेल तर मुलाला त्याच माणसासमोर बसवून एकत्र सत्र घेऊच नये. तिथे आधी १०९८ या चाइल्ड हेल्पलाइनला फोन.

४. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ला सुरू झाली. १४४१६ वर फोन फुकट लागतो, मराठीतही बोलता येतं. चांगली सोय आहे, पण ती मुख्यतः फोन करणाऱ्या एका माणसासाठी. कुटुंबाला ठरलेली वेळ हवी, संध्याकाळची किंवा रविवारची, आणि दर वेळी तोच समुपदेशक हवा. नव्या माणसाला पुन्हा पहिल्यापासून रामायण सांगायला कोणतंही मूल तयार होत नाही.

५. पैसे भरण्याआधी पात्रता विचारा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. तो क्रमांक मागण्यात संकोच कसला? इन्स्टाग्रामवरचे फॉलोअर ही पदवी नव्हे.

६. पुढच्या पालकसभेत गणवेश आणि सहलीच्या आधी शाळेतल्या समुपदेशनाच्या खोलीचा विषय घ्यायला लावा. खोली कोणती, वार कोणता, जबाबदार शिक्षक कोण, हे त्याच सभेत ठरवून इतिवृत्तात लिहून घ्या.