काहोरचे काळे मद्य

फ्रान्सच्या नैर्ऋत्येस लॉत नदी नागमोडी वळणे घेत वाहते. तिच्या काठच्या काहोर गावाचे तांबडे मद्य इतके गडद, की लोक त्यास ‘काळे मद्य’च म्हणत. (प्रस्तुत लेखकाने ते चाखलेले नाही, ओढ आहे ती इतिहासाची.) हा माल समुद्राकडे जाई तो बोर्दोच्या बंदरातून, आणि आपला माल खपेपर्यंत वरच्या मुलखाचा माल अडवून धरण्याचा हक्क बोर्दोकरांनी राजाकडून मिळविलेला! १७७६ साली तुर्गो या मंत्र्याने तो रद्द केला. परंतु पुढे मुळांच्या किडीने मळे उजाडले आणि सावरलेल्या वेली १९५६ च्या फेब्रुवारीतील हिमाने करपून गेल्या. १९७१ मध्ये काहोरच्या नावास कायद्याचे संरक्षण लाभले खरे, पण जगात नाव झाले ते निराळ्याच वाटेने. याच द्राक्षाची रोपे १८५३ च्या सुमारास अर्जेंटिनातील मेंदोसा प्रांती गेली होती. तेथे ‘माल्बेक’ म्हणून त्याची कीर्ती विसाव्या शतकाच्या अखेरीस सर्वदूर पसरली, तेव्हा कोठे रसिक त्याचे मूळ गाव विचारू लागले. सासरी नावाजलेल्या लेकीवरून माहेरची ओळख पटावी, तसे हे झाले. काहोरकर आपल्या घरी या द्राक्षास ‘ओसेरवा’ म्हणत आले. आता बाटलीवर मात्र तेही ‘माल्बेक’ असेच छापतात.