चाक आधी, चकाकी नंतर

मालवणच्या एका भगिनीने आम्हाला विचारले आहे : त्यांच्या धाकट्या मुलाने स्वतःच्या कमाईतून एक जुनी, दोन आसनांची स्पोर्ट्स कार गोव्यातून आणली. आता तो म्हणतो, "अम्मी, चाके पॉलिश करून घेऊ, नाहीतर मोठ्या मापाची नवी अलॉय बसवू." टायरबद्दल विचारले की म्हणतो, "अजून दिसायला चांगले आहेत." हाताशी पैसे एकाच कामापुरते आहेत. ते कशासाठी द्यावेत?

प्रश्न एका घरचा असला, तरी आपल्या किनारपट्टीवर बऱ्याच घरांत तो निघतो. मुंबईची, आखातातली मुले सुट्टीत येतात, जुनी गाडी घेतात आणि पहिला खर्च चाकांच्या रूपावर करतात. स्पोर्ट्स कार थोड्यांकडेच असते. पण खाली लिहिलेले सारे घरच्या साध्या गाडीलाही लागू आहे.

अशी दोन आसनी गाडी आपल्या शेजारी गोव्यातच तयार होत असे. तिचे नाव सॅन स्टॉर्म. अंग फायबरचे आणि इंजिन रेनोचे, ११४९ सीसी. फायबरचा एक गुण आपल्या हवेला मानवणारा : ते गंजत नाही. चाकाला मात्र हा गुण नाही. पोलादी रिम गंजते. अलॉय रिम ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची असते. तिला तांबडा गंज चढत नाही, पण खारी हवा तिलाही सोडत नाही.

हे कसे घडते ते पाहा. अलॉयवर रंग आणि त्यावर पारदर्शक लेप असतो. रस्त्यावरची खडी उडून लागते किंवा जांभ्याच्या गडग्याला रिम घासते, आणि लेपाला बारीक चीर पडते. त्या चिरेतून खारट ओल आत शिरते आणि लेपाखाली पसरत जाते. वरून फक्त पांढरट रेघा किंवा फोड दिसतात. खरे नुकसान बहुतेक वेळा नजरेआड, टायरचा काठ रिमवर बसतो त्या जागी होते. तिथे पांढरी भुकटी धरली की टायर नीट चिकटून बसत नाही आणि हवा हळूहळू जाते. पंक्चर सापडत नाही, तरी दर आठवड्याला हवा भरावी लागते, अशी तक्रार असेल तर रिमचा काठ तपासून घ्यावा.

म्हणून चाक दुरुस्तीला देताना पहिला प्रश्न रंगाचा नसावा. पहिला प्रश्न असा : रिम सरळ आहे का, आणि तिला तडा आहे का? टायर उतरवल्याशिवाय याचे उत्तर मिळत नाही. टायर न उतरवता बाहेरून फवारा मारून देणारा कारागीर स्वस्त पडतो, पण तो फक्त दर्शनी बाजू रंगवतो. रिम मशीनवर फिरवून पाहिली की वाकडेपणा डोळ्यांना दिसतो. आतल्या काठाचा किरकोळ वाक जाणकार कारागीर यंत्रावर काढू शकतो. हातोड्याने ठोकून काढू देऊ नये. आऱ्याला किंवा नट बसतात त्या भागाला तडा असेल, तर ती रिम वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये. ती भंगारात द्यावी. तडा भरून, वर रंग चढवून तीच रिम दुसऱ्याला विकणे म्हणजे ऐब झाकून माल विकणे. जुनी चाके घेताना हा ऐब शोधणे आपले काम आहे आणि देताना तो सांगणे हेही आपलेच.

रिम निर्दोष निघाली की मग रंग. जुना लेप पूर्ण काढून, खरवडून, अस्तर देऊन पाऊडर कोटिंग करतात आणि भट्टीत भाजतात. आपल्या खाऱ्या हवेत हे काम टिकाऊ. बाजारात दुसरा प्रकार डायमंड कटचा आहे. त्यात लेथवर धातूचा पातळ थर कापून आरशासारखी चमक आणतात. दिसायला सुंदर, पण दर वेळी धातू कमी होतो, त्यामुळे ते मोजक्याच वेळा करता येते. शिवाय उघड्या धातूवर फक्त पारदर्शक लेप उरतो. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी साधा रंग पत्करावा, असे आमचे मत आहे. किनाऱ्यावरून आल्यावर चाके गोड्या पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवावीत. ॲसिडने चकाकी आणू नये. आणि तारकर्लीच्या वाळूत गाडी घालण्याची हौस तर टाळावीच.

आता टायरकडे येऊ. "दिसायला चांगला" हा टायरचा दाखला नव्हे. टायरचा दाखला त्याच्या बाजूवरच छापलेला असतो. तो वाचायला शिकले पाहिजे.

पहिले, जन्मतारीख. डॉट या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार अंक असतात. २३१६ असे असेल, तर टायर २०१६ सालच्या २३व्या आठवड्यात तयार झाला. हौसेची गाडी बहुधा उभीच असते. नक्षी झिजत नाही, पण रबर कडक होत जाते आणि बाजूला बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दर वर्षी जाणकाराकडून टायर तपासावा, आणि नक्षी कितीही शिल्लक असली तरी दहा वर्षांपुढे वापरू नये, असे अनेक टायर कंपन्या स्वतःच सांगतात. मुलाच्या "चांगल्या" टायरचे हे चार अंक अम्मीने स्वतः वाचावेत.

दुसरे, नक्षीची खोली. खाचांच्या तळाशी आडवे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलीमीटर उरली असे समजावे; तो टायर संपला. पावसात तर त्याआधीच, ३ मिलीमीटरच्या आसपास, बदलणे शहाणपणाचे. खाचांचे काम पाणी बाजूला सारणे हे आहे. खाच उथळ झाली की टायर पाण्यावर तरंगतो, मग ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही निरुपयोगी. आंबोली, करूळ, फोंडा या घाटांतला जुलै ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगायला नको. कंपासपेटीतली पट्टी खाचेत उभी धरली तरी अंदाज येतो. फक्त शून्याआधीची कोरी जागा वजा करावी.

तिसरे, फुगवटा. खड्ड्यात आपटून टायरच्या बाजूला फुगा आला, तर आतले धागे तुटलेले असतात. त्यावर इलाज नाही. मधल्या पट्ट्यातले पंक्चर काढता येते, बाजूचे नाही. जुन्या टायरला नव्या खाचा पाडून विकणारेही भेटतात. तो माल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

राहिला मोठ्या मापाचा हट्ट. इथे सातवीचे गणित पुरे आहे. समजा टायरवर १८५/६० आर १५ ८४ एच असे लिहिले आहे. १८५ मिलीमीटर रुंदी. बाजूची उंची रुंदीच्या ६० टक्के, म्हणजे १११ मिलीमीटर. रिम १५ इंच, म्हणजे ३८१ मिलीमीटर. दोन्ही बाजूंची उंची मिळवली की चाकाची एकूण उंची ६०३ मिलीमीटर. ८४ म्हणजे एका टायरला ५०० किलो भाराची परवानगी आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरची मर्यादा. नवा टायर भार आणि वेग या दोन्हींत कंपनीने सांगितल्यापेक्षा कमी नसावा.

आता त्याच मापाचा टायर १६ इंची रिमवर घेतला, तर उंची सुमारे ६२८ मिलीमीटर होते, म्हणजे ४ टक्क्यांहून जास्त वाढ. काटा ६० दाखवील तेव्हा गाडी साडेबासष्टने धावत असेल. वळताना टायर आत घासेल ते वेगळेच. उंची जुळवायची म्हणून १९५/५० आर १६ घेतला, तर एकूण उंची ६०१ मिलीमीटरच्या आसपास येते. हिशेब जुळला, पण बाजूची उंची १११ वरून साडेसत्त्याण्णववर उतरली. साडेतेरा मिलीमीटरची गादी गेली. खड्डा आणि रिम यांच्यामध्ये तेवढीच तर गादी असते! गुळगुळीत शर्यतीच्या रस्त्यावर कमी गादी फायद्याची. आपल्या गल्लीबोळांत आणि घाटांत ती रिम वाकवते. दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले माप हेच आपले माप. रिम बदलायचीच झाली, तर नटांची संख्या आणि त्यांच्यातले अंतर, मधल्या भोकाचा व्यास आणि रिम आत-बाहेर किती बसते, हे चारही जुळले पाहिजे. नटाची बैठकही रिमला साजेशी हवी.

टायर बसवून घेताना काही गोष्टी मागून घ्याव्यात : आयएसआय चिन्ह असलेला माल आणि त्याचे बिल, नवा व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग, अलाइनमेंट. बाजूवर बाण असेल तर फिरण्याची दिशा बाणाप्रमाणे. एका ॲक्सलवर दोन वेगळे टायर नकोत. पैसे दोनच टायरचे असतील, तर नवे दोन मागे बसवावेत. पुष्कळांना हे उलटे वाटते. पण पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की बऱ्याचदा सावरते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते, ती सावरणे कठीण. नट टॉर्क रेंचने आवळावेत आणि शंभरेक किलोमीटरच्या आत पुन्हा तपासावेत. स्टेपनीचेही वय बघावे. हा शब्द वेल्समधल्या लानेली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला; तिथे १९०४ मध्ये जादा चाकाची कल्पना निघाली. शब्द आपण घरचा करून घेतला, त्या चाकातली हवा मात्र बघायला विसरतो.

तेव्हा भगिनी, पैसे द्या, पण क्रमाने. आधी टायर उतरवून चारही रिमांची तपासणी. मग मूळ मापाचे, ताज्या तारखेचे टायर. मुलाच्या टायरवरचे चार अंक जुने निघाले तर चारही एकदम. उरले तर साधे पाऊडर कोटिंग. मोठी अलॉय नकोच. मुलाला रागावू नका. जुनी गाडी पुन्हा उभी करणे ही चांगली हौस आहे, त्यात हाताचे आणि डोक्याचे दोन्ही शिक्षण आहे. त्याला एवढेच सांगा : बेटा, गाडीत दोनच आसने आहेत. एकावर तू बसणार आणि दुसऱ्यावरही आपल्यातलेच कोणीतरी. आणि धावती गाडी रस्त्याला टेकते ती चार तळहातांएवढ्या रबरावर.