करार कोणाचा, सही कोणाची?

विमान उड्डाणास योग्य आहे असे ज्या कागदावर प्रमाणित केले जाते, त्यावर कंपनीच्या अध्यक्षाची सही नसते. ती परवानाधारक देखभाल अभियंत्याची असते आणि तिच्यामागे रात्रपाळीत पंखाखाली वाकून काम करणाऱ्या तंत्रज्ञांची मेहनत असते. चूक झाली तर परवाना निलंबित होतो तो त्या अभियंत्याचा. वेळापत्रकाची घाई लावणाऱ्या व्यवस्थापकापाशी निलंबित करण्याजोगा परवानाच नसतो. जबाबदारी इतकी व्यक्तिगत. पण याच माणसांच्या वेतनाचा आणि नोकरीच्या मुदतीचा करार होताना त्यांना विचारणे मात्र कायद्याने कोणावरही बंधनकारक नाही.

१९५३ साली विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. सांताक्रूझ-कालिन्याच्या कार्यशाळांतून कुशल कामगारांच्या पिढ्या घडल्या त्या त्यानंतरच्या काळात. २०१२ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने देखभालीचे खाते एअर इंडियापासून तोडून एआयईएसएल या वेगळ्या कंपनीकडे देण्यास मान्यता दिली. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटा समूहाच्या हाती गेली. विमाने गेली, ती दुरुस्त करणारी कंपनी मात्र सरकारकडेच, पण स्वतंत्रपणे विकण्यासाठी वेगळी काढून ठेवलेली. ज्या एअर इंडियाच्या कामावर ती उभी राहिली, त्या एअर इंडियाने आता बंगळूरला स्वतःच्या देखभाल केंद्राचा घाट घातला आहे. कालिन्यातील तंत्रज्ञाला उद्याची धास्ती वाटते ती उगाच नव्हे.

दरम्यान भारत हे जागतिक देखभाल-केंद्र होणार, ही घोषणा सुरूच आहे. नागपूरच्या मिहानमध्ये बोइंगने बांधलेले केंद्र त्याच्याच साक्षीला उभे केले जाते. २०२० साली या धंद्यावरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. भांडवलाला सवलत मिळाली; श्रमाला काय मिळाले? पाच वर्षांची मुदतबंद नेमणूक! मुदत संपल्यावर कामावरून कमी होणे म्हणजे कामगारकपात नव्हे, अशी सोय १९८४ सालीच औद्योगिक विवाद कायद्यात घुसडण्यात आली होती. तेव्हा ती अपवाद वाटली. आज तिचाच नियम झाला आहे.

अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर देखभाल हा असा खर्च आहे की जो टाळल्याचा लाभ याच वर्षीच्या ताळेबंदात दिसतो आणि तोटा केव्हा, कोणाच्या माथी येईल ते सांगता येत नाही. तो टाळण्याच्या मोहाला आवर घालणारा एकच माणूस जागेवर हजर असतो, आणि तो म्हणजे ‘हे विमान आज सोडणार नाही’ असे म्हणू शकणारा अभियंता. ज्याची मुदत पुढच्या महिन्यात संपते, त्याच्या तोंडून हा नकार किती सहज निघेल? नोकरीची शाश्वती ही कामगाराची चैन नाही, प्रवाशाचे संरक्षण आहे.

२२ मे २०१० रोजी मंगळूरला १५८ माणसे मेली. त्या अपघाताचे कारण वैमानिकाच्या चुकीत सापडले, देखभालीत नव्हे, हे नमूद केलेच पाहिजे. परंतु त्यानंतर व्यवस्थापनाने पहिली तत्परता दाखवली ती कर्मचाऱ्यांनी वृत्तपत्रांशी बोलू नये अशी तंबी देण्यात. अभियंते आणि जमिनीवरील कर्मचारी संपावर गेले. उच्च न्यायालयाने संप रोखला. कित्येकांना बडतर्फ करून दोन संघटनांची मान्यता काढून घेण्यात आली. मान्यता ही मालकाच्या खिशातली वस्तू असली की असेच होणार.

पण दोष केवळ मालकाचा नाही. समेट-अधिकाऱ्यापुढे झालेला करार १९४७ च्या कायद्याप्रमाणे सर्व कामगारांवर, उद्या भरती होणाऱ्यांवरसुद्धा, बंधनकारक होई. त्यासाठी दोन-चार पुढाऱ्यांच्या सह्या पुरत. अमेरिकेत २०२४ साली बोइंगच्या सुमारे ३३ हजार कामगारांनी पुढाऱ्यांनी शिफारस केलेला करार ९४.६ टक्के मतांनी फेटाळला, दुसराही फेटाळला, आणि तिसरा ५९ टक्क्यांनी स्वीकारला. चार वर्षांतील वेतनवाढ २५ टक्क्यांवरून ३८ वर गेली. मतदानाने फूट पडते म्हणणाऱ्या आपल्या पुढाऱ्यांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

१९८२ चा गिरणी संप मुळात याच प्रश्नावर पेटला होता. आपला प्रतिनिधी कोण हे गिरणी कामगाराने ठरवायचे की कायद्याने ठरवलेल्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाने? १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत ज्यांची हत्या झाली, त्या डॉ. दत्ता सामंतांनी तो प्रश्न वेशीवर टांगला. मात्र त्यांच्याही संघटनांत अखेरचा शब्द मतपेटीचा नसे, डॉक्टरांचाच असे. ही उणीव तेव्हा निष्ठेने झाकली गेली. निष्ठा ओसरल्यावर ती उघडी पडली.

नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. हजेरीपटावरील ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटीस एकमेव अधिकारी. करारावर मात्र मतदानाची तरतूद येथेही नाही. निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संप! ही संहिता कामगारविरोधी आहे हे खरेच. पण हजेरीपटावर थेट नेमलेले मुदतबंद तंत्रज्ञही आहेत. कायम कामगारांच्या संघटनांनी ज्यांना आजवर दाराबाहेर ठेवले, त्या पोरांच्या सभासदत्वावाचून ५१ टक्क्यांचा आकडा गाठता येणार नाही. पवई, मरोळ, कालिना येथील कार्यकर्त्यांनी पुढच्या वाटाघाटीपूर्वी त्यांना सभासद करून घ्यावे, आणि त्यांच्यासह सर्वांच्या गुप्त मतदानावाचून करारावर सही होणार नाही, असे कलम संघटनेच्या घटनेतच घालून घ्यावे. त्याला मालकाची किंवा सरकारची परवानगी लागत नाही.