निवेदन मोबाइलवर होत नाही

शाळाप्रवेशाच्या दिवसांत एका पालकांनी मुलीचे नाव मोबाइलवर कळविले. अक्षरे रोमन होती. ते नाव संगणकात गेले, तेथून कन्नडमध्ये उतरले आणि काळे घराण्यातील मुलगी कागदोपत्री ‘काले’ झाली. दाखला हाती पडल्यावर पालक संतापले. कन्नडमुळे आमच्या आडनावाचे वाटोळे झाले, असे चार लोकांत सांगू लागले. वस्तुस्थिती तशी नव्हती. कन्नड लिपीत ‘ळ’ आहे, ‘ण’ही आहे. पालकांनी देवनागरीत एक ओळ लिहून दिली असती, तर कारकुनाला ती वाचून बरोबर उतरवता आली असती. ‘ळ’ हरवला तो रोमन लिपीत, आणि ती लिपी आपल्यावर कोणी लादली नव्हती.

मोबाइलच्या निरोपांनी मराठी बिघडली अशी ओरड आता नवीन राहिलेली नाही. तीस वर्षे मराठी शिकवूनही त्या ओरडीत पूर्णपणे सामील व्हावे असे मला वाटत नाही. संक्षेपाची सवय आपल्या भाषेला मोबाइलने लावलेली नाही. ‘सा. न. वि. वि.’, ‘चि.’, ‘ती. स्व.’, ‘ता. क.’ ही सारी आपल्या आजोबांच्या पत्रांतीलच. मोडी तर घाईच्या लेखनासाठीच होती. हात न उचलता झरझर लिहायचे, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळायचाच नाही. परंतु तोच कारकून पोथी लिहायला बसला की बाळबोध अक्षर काढीत असे. कोणते लेखन कोठे, हे त्याला पक्के ठाऊक होते. आज नेमके तेच भान सुटले आहे.

रोमनची सवय लागली त्याला कारणही होते. ३ डिसेंबर १९९२ रोजी इंग्लंडमध्ये पहिला लघुसंदेश गेला. या संदेशाची मर्यादा रोमन अक्षरांत १६० आणि देवनागरीत ७०. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, हलन्त यांची प्रत्येकी एक जागा मोजली जाई. ‘ज्ञानेश्वर’ हा चार अक्षरांचा शब्द दहा जागा खात असे. संदेशाला पैसे पडत, कित्येक फोनवर देवनागरी उमटतही नसे; लोक रोमनकडे वळले यात नवल नाही. पण आता ती मर्यादा कोठे आहे? देवनागरीचा कळफलक प्रत्येक फोनमध्ये आहे. अडचण गेली, सवय मात्र मागे राहिली.

वर्गात या सवयीचा परिणाम दिसतो. रोमनमध्ये ‘काल’, ‘काळ’ आणि ‘कळ’ एकच. ‘पण’ आणि ‘पान’ एकच. संदर्भाने अर्थ लागतो, हे कबूल. पण दिवसभर असे लिहिणाऱ्या मुलाची वही पाहा. ‘बाळ’ लिहिताना तो थबकतो, ‘दिन’ आणि ‘दीन’ यांत फरक असतो हे त्याला सांगावे लागते. गुण कापून हे सुधारत नाही, रोज अर्धे पान हाताने लिहवून घेतले तर सुधारते, असा माझा अनुभव आहे. (घरी वडीलच रोमनमध्ये निरोप धाडत असतील, तर तेही अवघड.)

तरीही शुद्धलेखनाचा प्रश्न मी दुय्यम मानतो. मला चिंता आहे ती निवेदनांची. मध्यंतरी एका गावच्या मराठी शाळेत शिक्षकाची जागा कित्येक महिने रिकामी होती. गावच्या ग्रुपवर रोज त्यावर चर्चा, संताप, अंगठे. एका अधिकाऱ्यांच्या मोबाइलवरही कोणी निरोप टाकला होता. आम्ही समितीची चार माणसे कार्यालयात गेलो, तेव्हा शांतपणे उत्तर मिळाले की या विषयाचा एकही अर्ज आवक नोंदीत नाही. राग आला, पण ते खोटे बोलत नव्हते. ग्रुपवर गाव पेटले होते; दप्तरात गावाची तक्रारच नव्हती.

आपल्या राज्यघटनेचे कलम ३५० किती जणांनी वाचले आहे? गाऱ्हाणे दूर करण्यासाठी केंद्राच्या वा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे, त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क त्याने प्रत्येकाला दिला आहे. म्हणजे बेळगावात मराठीत दिलेला अर्ज हा हक्काचा अर्ज आहे. उत्तर मराठीतच मिळेल असे मात्र त्यात म्हटलेले नाही. माहिती अधिकाराचा २००५ चा कायदा याहून आखूड आहे. त्याखालील अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करावा लागतो. कर्नाटकात तेथे मराठीला जागा नाही. असे असता, जेथे जागा आहे तेथेही आपण लिहिणार नसू, तर कोणाकडे बोट दाखवायचे? २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात सीमाप्रश्नाचा दावा दाखल केला. न्यायालयात ठराव, पत्रे, नोंदवह्या पुढे ठेवता येतात. ग्रुपवरचा संताप पुढे ठेवता येत नाही.

मराठी अर्जासोबत कन्नड अनुवाद जोडावा, असे माझे मत आहे. समितीतील काही सहकाऱ्यांना ते रुचत नाही. पण मूळ मराठी, सही मराठी, आणि वाचणाऱ्याच्या सोयीसाठी एक कन्नड पान, यात कमीपणा काय? काम लवकर होते.

अर्ज दोन प्रतींत न्यावा. वर दिनांक, विषय, अर्जदाराचे नाव व गाव. मागणी एकच, तीही पहिल्या परिच्छेदात. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय कार्यालय सोडू नये. मग त्या पोचेचा फोटो काढून खुशाल ग्रुपवर टाकावा.