हिऱ्याला भाव का नसतो?

सोन्याचा भाव रोज सकाळी वर्तमानपत्रात छापून येतो, आणि सराफाची पेढी कितीही जुनी व नामांकित असली तरी त्या आकड्यापासून तिला फार दूर जाता येत नाही. अक्षय्य तृतीयेला वळे घेणाऱ्या कारकुनाच्या हाती तो आकडा म्हणजे एक मोजपट्टीच असते. हिऱ्याच्या बाबतीत अशी मोजपट्टी त्याच्या हाती कोणीच दिलेली नाही. सोने मोडले तर किती पैसे येतील हे घरातली आजीही अदमासाने सांगू शकते. हिरा मोडला तर काय येईल हे तो विकणाराही सहसा सांगत नाही. मध्यमवर्गीय घरांच्या लग्नयाद्यांत हिऱ्याची अंगठी आणि मंगळसूत्राचे हिरेजडित पदक आता सर्रास दिसू लागले असताना, या अज्ञानाची किंमत नेमकी किती पडते हा प्रश्न केवळ श्रीमंतांचा उरलेला नाही.

हिऱ्याला एकच भाव असू शकत नाही, हे व्यापाऱ्यांचे म्हणणे खोटे नव्हे. सोन्याचा एक ग्रॅम दुसऱ्या ग्रॅमसारखाच असतो. दोन हिरे मात्र कधी तंतोतंत सारखे नसतात. वजन, रंग, निर्दोषता आणि पैलू या चार गुणांवर त्याचे मोल ठरते. त्यातही वजनाचा हिशेब सरळ नाही. पाव कॅरेटचे चार खडे मिळून एक कॅरेट होतात खरे, परंतु त्यांची किंमत एका अखंड कॅरेटच्या खड्याच्या जवळपासही जात नाही, कारण मोठा खडा दुर्मिळ आणि प्रत्येक कॅरेटमागचा त्याचा दर चढा. अर्धा कॅरेट, एक कॅरेट अशा टप्प्यांवर हा दर एकदम उडी घेतो. म्हणून ०.९५ कॅरेटचा खडा डोळ्यांना एक कॅरेटसारखाच दिसूनही लक्षणीय स्वस्त मिळतो. येथे एक भाषिक घोटाळाही लक्षात घेतला पाहिजे. मराठीत आपण दोन्हींना ‘कॅरेट’च म्हणतो; पण सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो आणि हिऱ्याचा कॅरेट वजन, म्हणजे ग्रॅमचा पाचवा हिस्सा. बावीस कॅरेट सोन्याची सवय असलेल्या ग्राहकाला हिऱ्याचा दागिना बहुधा अठरा कॅरेटमध्ये, म्हणजे ७५ टक्के सोन्यात, घडवलेला असतो हे पुष्कळदा तो मोडायला नेल्यावरच कळते.

तथापि, हिऱ्याला भावच नाही असे मानणे भोळेपणाचे ठरेल. भाव आहे, पण तो व्यापाऱ्यांपुरता आहे. न्यूयॉर्कच्या मार्टिन रॅपपोर्ट यांनी १९७८ मध्ये पैलूदार हिऱ्यांची दरसूची प्रसिद्ध करावयास आरंभ केला. तेव्हा व्यापारी त्यांच्यावर संतापले होते. आज त्याच सूचीवाचून कोणाचे पान हलत नाही. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातील भारत डायमंड बोर्समध्ये दलाल कागदाची पुडी उघडतो तेव्हा सौदा रुपयांत नव्हे, तर ‘सूचीच्या किती टक्के खाली’ या भाषेत होतो, आणि हे ‘खाली’ कधी तीस-चाळीस टक्क्यांपर्यंतही जाते. ऑपेरा हाऊसच्या गल्ल्यांतून हा बाजार २०१० नंतर येथे आला. त्याची भाषा मात्र बदलली नाही. जगात पैलू पाडले जाणारे बहुसंख्य हिरे सुरतेच्या कारखान्यांतून निघतात आणि त्यांचा मोठा व्यापार मुंबईतून चालतो. म्हणजे ज्या मालाचा घाऊक भाव आपल्या दाराशी ठरतो, त्याच्याविषयी गिरगावातला किंवा पुण्यातला ग्राहक मात्र अंधारात, असा हा विलक्षण प्रकार आहे.

घाऊक भाव आणि काचेच्या कपाटातील चिठ्ठी यांच्यामधले अंतर किती असते? या ठिकाणी साध्या गणिताची एक गल्लत नेहमी होते. शंभर रुपयांची वस्तू दोनशेला विकली तर खरेदीवर चढवलेला भाव १०० टक्के असतो, पण विक्रीवरील नफ्याचे प्रमाण ५० टक्केच. दुकानदार दुसरा आकडा सांगतो, ग्राहक पहिला समजतो. अमेरिकेत जुन्या पेढ्यांचा दंडक दुप्पट भाव चढवण्याचा होता. टिफनीसारख्या नाममुद्रेचा ढोबळ नफा, ती २०२१ मध्ये फ्रेंच समूहाकडे जाण्यापूर्वी, विक्रीच्या साठ टक्क्यांच्या घरात होता. याउलट १९९९ मध्ये सुरू झालेल्या ब्लू नाइल या ऑनलाइन कंपनीचा ढोबळ नफा वीस टक्क्यांच्या आसपास राहिला. खरेदी शंभराची धरली तर पहिल्या हिशेबाने विक्री अडीचशेला होते, दुसऱ्याने सव्वाशेला. दुकानातील आणि पडद्यावरील भावांत जो फरक दिसतो त्याचे सारे मूळ येथे आहे.

हा फरक म्हणजे निव्वळ लूट, असा निष्कर्ष मात्र घाईचा होईल. सराफाचा खडा कपाटात वर्ष वर्ष पडून राहतो. त्यात गुंतलेल्या पैशावर व्याज चढते. पहारा, विमा, भाडे, पगार हे निराळेच. ब्लू नाइलने यावर शोधलेला तोडगा असा की, खडे स्वतः विकतच घ्यायचे नाहीत. घाऊक व्यापाऱ्याच्या तिजोरीत पडलेला हिरा पडद्यावर मांडायचा, गिऱ्हाईक ठरले की मागवायचा. एकच खडा त्यामुळे चार ठिकाणी चार भावांनी मांडलेला दिसू शकतो आणि ग्राहकाला प्रथमच तुलना करता येते. बाजारातील अंधार दूर करण्याचे श्रेय या पद्धतीला दिलेच पाहिजे.

पण भारतात याच गोष्टीने वेगळे वळण घेतले. २००८ मध्ये निघालेली कॅरटलेन आणि २०११ मधील ब्लूस्टोन या कंपन्यांचा आरंभ ऑनलाइन विक्रीने झाला. आज दोघींचीही शेकडो दुकाने शहराशहरांत थाटलेली आहेत. दागिना हातात घेऊन पाहिल्यावाचून आपला ग्राहक पैसे मोजत नाही, हे त्यांना उमगले. दुकान आले की भाडे आले, पगार आले, आणि ते खर्च अखेर भावातच उतरतात. तेव्हा ‘ऑनलाइन म्हणजे स्वस्त’ हे समीकरण अमेरिकेतील एका सुट्या खड्यापुरते खरे असले, तरी येथे ते डोळे मिटून स्वीकारता येत नाही.

शिवाय आपल्याकडील दागिना क्वचितच एका खड्याचा असतो. त्यात चिमुकले अनेक खडे बसवलेले असतात; त्यांना स्वतंत्र प्रमाणपत्र नसते आणि त्यांचा दर कोणी विचारीत नाही. सणासुदीच्या सवलतींची गंमत येथेच आहे. समजा, एका अंगठीत सोने ३०,००० रुपयांचे, हिरे ४५,००० चे आणि घडणावळ १५,००० ची आहे. एकूण ९०,००० आणि त्यावर तीन टक्के वस्तू व सेवा कर. आता ‘घडणावळ संपूर्ण माफ’ अशी जाहिरात झळकली आणि त्याच अंगठीतील हिऱ्यांची किंमत ६०,००० लावली, तर बेरीज पुन्हा ९०,००० च होते! सोन्याचा भाव जाहीर असल्यामुळे तेथे हात घालता येत नाही. हिऱ्याचा भाव कोणाला ठाऊक नसल्यामुळे माफ केलेली रक्कम तेथे निमूटपणे मुक्कामाला जाऊ शकते. प्रत्येक दुकानदार असे करतो, असे नव्हे. परंतु एखाद्याने केले तर ते ओळखण्याचे कोणतेही साधन ग्राहकापाशी नाही, ही गोष्ट गंभीर आहे. परत घेण्याच्या आश्वासनाचेही तेच. ‘हिऱ्याच्या किमतीच्या ऐंशी टक्के परत’ हे वचन ऐकायला गोड; ती किंमत मात्र त्याच पेढीने ठरवलेली असते, आणि शेजारची पेढी तिला विचारीत नाही.

या साऱ्यात प्रयोगशाळेत घडवलेल्या हिऱ्याने नवी भर घातली आहे. हा ‘अमेरिकन डायमंड’ नव्हे; रसायनाने आणि गुणांनी तो हिराच आहे. जनरल इलेक्ट्रिकने १९५४ मध्येच तो बनवला होता, दागिन्यांच्या बाजारात तो गेल्या दशकात फोफावला. २०२३ च्या अर्थसंकल्पात त्याच्या बीजांवरील आयातशुल्क माफ झाले आणि त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधानांनी असाच साडेसात कॅरेटचा हिरा अमेरिकेच्या अध्यक्षपत्नींना भेट दिला. सुरतेत त्याच्या भट्ट्या वाढल्या तसा भाव कोसळला. खुद्द डी बिअर्सने २०१८ मध्ये ‘लाइटबॉक्स’ या नावाने असे हिरे कॅरेटला ८०० डॉलरने विकायला काढले, २०२४ मध्ये तो दर ५०० पर्यंत उतरवला आणि २०२५ मध्ये तो व्यवसायच गुंडाळण्याचे जाहीर केले. घाऊक भाव कोसळला तरी किरकोळ भाव त्या प्रमाणात उतरत नाही, आणि म्हणून टक्क्यांच्या हिशेबाने सर्वाधिक चढवलेला भाव आज बहुधा या स्वस्त मालावरच असतो. आवडीने घालायला तो उत्तम. दुर्मिळता हेच ज्याच्या मोलाचे कारण, त्या नैसर्गिक खड्याप्रमाणे ठेव म्हणून त्याच्याकडे पाहणे मात्र धोक्याचे. (नैसर्गिक खड्यालाही ठेव म्हणावे काय, याविषयी शंका घ्यायला पुष्कळ जागा आहे.)

प्रमाणपत्र हा एक आधार आहे, पण तो भावाचा नव्हे, गुणांचा. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकासारख्या स्वतंत्र प्रयोगशाळेचा दाखला आणि दुकानाने स्वतःच छापलेले रंगीत कार्ड यांत जमीनअस्मानाचे अंतर असते. स्वतंत्र दाखल्यावरील क्रमांक संस्थेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. खडा सुटा व एकटा असेल तर तोच दर्जा, तेच वजन आणि तेच पैलू चार ठिकाणी पाहून घेण्याला दोन संध्याकाळी पुरतात. दुकानातूनच खरेदी करायची असली तरी हा उपद्व्याप वाया जात नाही.

कायद्याची स्थिती मात्र अर्धवट आहे. २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीच्या झालेल्या हॉलमार्कमुळे सोन्याचे निव्वळ वजन आणि शुद्धता पावतीवर लिहावी लागते. पण ते चिन्ह सोन्यापुरतेच आहे, त्यात जडवलेल्या हिऱ्याविषयी ते अवाक्षर बोलत नाही. २०२० च्या ई-व्यापार नियमांनी ऑनलाइन विक्रेत्याला एकूण किमतीची फोड दाखवण्याचे बंधन घातले, तरी त्या फोडीचा रोख वाहतूकखर्च आणि कर यांच्याकडे आहे. हिऱ्यांचे एकूण वजन, दर्जा, प्रत्येक कॅरेटमागचा दर, हिरा खाणीतला की प्रयोगशाळेतला आणि परत देताना नेमकी किती कपात, एवढ्या पाच ओळी पावतीवर छापण्याची सक्ती करायला सरकारला नवे खाते उघडावे लागणार नाही. चोख पेढ्या यांतील बरेचसे आजही लिहून देतात. ज्या देत नाहीत त्यांच्याकडून, पैसे मोजण्यापूर्वी, ग्राहकाने ते हाताने लिहून मागावे.